राखेचा निळा डबा

मंगळवार, ७ सप्टेंबर २०१०

सेसी,

सुरुवातीला ‘प्रिय’ लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू हसली असतीस, आणि तुझं ते नाकातून हसणं मला आठ वर्षांनंतरही इथे बसल्या बसल्या ऐकू येतं.

सोबत एक कागद आहे. आठ पानांचा आहे आणि शेवटच्या पानावर तीन रेघा आहेत. पहिलीवर इग्नेशियसची सही आहे, दुसरीवर माझी. तिसरी रेघ तुझी. आईने शेत तिघा भावंडांच्या नावावर ठेवलं ते आपण भांडू नये म्हणून. बिचारी. येत्या एकोणतीस ऑक्टोबरच्या आत तिसरी सही नोटरीसमोर होऊन परत आली नाही, तर काउंटीचं कार्यालय आपलं नाव खोडून यादीतल्या पुढच्या शेतकऱ्याला बोलावणार. आपला नंबर लागायला सहा वर्षं गेली. पुन्हा लागेपर्यंत आपल्यापैकी कोण उरेल ते सेंट जोसेफ जाणे.

कागदात काय आहे ते मीच सांगते, कारण ज्याने तो लिहिला त्याला पूर्णविराम माहीत नाही. जमीन आपलीच राहते. नांगरा, पेरा, विका, मरताना कुणालाही द्या. तिच्यावर वसाहत बांधण्याचा हक्क तेवढा काउंटी आपल्याकडून विकत घेते आणि त्याला कायमचं कुलूप लावते. मग आपण मेल्यावरही कुणी तिथे घरांच्या रांगा उभ्या करू शकत नाही. शेतकऱ्यांसाठी सरकारने काढलेल्या सतरा योजनांपैकी मला कळलेली ही पहिली.

तू गेलीस तेव्हा रस्त्यापलीकडे बोलिंग कुटुंबाचा मका होता. आता तिथे दोनशे बारा घरं आहेत, सगळी गार झालेल्या लापशीच्या रंगाची. वसाहतीचं नाव ‘तंबाखूचं कुरण’. तंबाखू कुरणात उगवत नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. गल्ल्यांना ‘कोठार वाट’ आणि ‘बैलजोडी चौक’ अशी नावं आहेत. मी एकतीस वर्षं इथल्या टपाल कचेरीच्या खिडकीत बसले, तेव्हा कोणत्या पेटीमागे कुणाचं कुत्रं आहे हे डोळे मिटून सांगायचे. आता बैलजोडी चौकात कोण राहतं हे बैलजोडी चौकालाही माहीत नाही.

बोलिंग मंडळींची दफनभूमी टेनिसच्या मैदानामागे गेली आहे. चेंडू आत पडला की मुली कुंपण ओलांडतात आणि म्हाताऱ्या लिओनार्डच्या अंगावर पाय देऊन चेंडू घेऊन येतात.

आई अजून आपल्या टेकडीवर आहे. यापुढे मी काही लिहीत नाही.

काळ्या शाईने सही कर. निळी चालत नाही.

अर्सुला

सोमवार, २० सप्टेंबर

सेसी,

पाकीट परत आलं. ‘घेण्यास नकार’ असा शिक्का, आणि खाली तुझ्या ॲरिझोनाच्या पोस्टमनची सही. कागद आत जसाच्या तसा.

तू विसरलीस की मी कुठे नोकरी केली. न उघडलेल्या पाकिटाचा डिंक कसा दिसतो आणि केटलीच्या वाफेवर उघडून पुन्हा चिकटवलेल्या पाकिटाचा कसा, हे मी अंधारातही बोटांनी सांगू शकते. तू वाचलंस. वर वाळवंटातल्या घरात केटली तापवण्याचे कष्ट घेतलेस. मला तेवढं पुरे. कागद पुन्हा पाठवते आहे. या वेळी वाफेची गरज नाही, पाकीट मी टाचणीने बंद केलं आहे.

गुरुवारी कृषी कार्यालयाची मिस व्हिटलॉक आली होती. मुलगी चांगली आहे. बूट चिखलाचे आहेत आणि ते दारात काढते. इग्नेशियसचा दुसराच एक अर्ज भरायचा होता, ओढ्याला कुंपण घालून गुरं पाण्यापासून लांब ठेवली तर कुंपणाचा अर्धा खर्च मिळतो त्याचा. तिने विचारलं, “मिस्टर हेडन, इथे एक चौकट आहे. तुम्ही स्वतःला नवशिके शेतकरी समजता का?”

तुझ्या भावाला चौऱ्याहत्तरावं लागलं आहे. त्याने टोपी मागे सारली आणि खरोखर विचार केला.

“तंबाखूत नाही,” तो म्हणाला. “भोपळ्यात आहे.”

“तसं चालत नाही हो,” ती म्हणाली. “दहा वर्षांपेक्षा कमी शेती केली असेल तरच नवशिके.”

“भोपळ्यात आठच झालीत.”

“अरे, तिला घरी जायचंय,” मी म्हटलं. “‘नाही’ लिही.”

“अर्सुला, खोटं कसं लिहू? मला अजून कळत नाही भोपळा कधी काढायचा ते.”

शेवटी तिने चौकट रिकामी सोडली. जाताना दारात बूट घालता घालता तिने मला हळूच विचारलं, “मिस हेडन, तिसऱ्या सहीचं काय? कोणी आजारी आहे का?”

“नाही,” मी म्हटलं. “नाराज आहे.”

“त्याच्यासाठी माझ्याकडे फॉर्म नाही,” ती म्हणाली. मला ती मुलगी आवडते.

आज सकाळी नदीवरून धुकं आलं आणि कोठारापर्यंत चढलं. मी आत जाऊन उभी राहिले. आठ वर्षं त्या वाशांवर एक पान टांगलेलं नाही, पण हवा दमट झाली की लाकूड वास सोडतं. तुला आठवतं, वाळलेली पानं कोरड्या हवेत हात लावला की चुरा व्हायची, म्हणून दमट दिवसाची वाट पाहायची? बाबा सकाळी दारात उभे राहून हवा हुंगायचे आणि म्हणायचे, “आज शाळा नाही.” मग आपण तिघं दिवसभर कोठारात, फटींतून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यांत, मऊ झालेली पानं देठावरून सोडवत बसायचो. शाळेतली सिस्टर पर्पेचुआ दुसऱ्या दिवशी विचारायची, आजारी होतात का? आणि मी म्हणायचे, हो सिस्टर, हवेमुळे.

आज तिथे उभी असताना वर सळसळ ऐकू आली. पानांची. मी वर पाहिलं नाही. वर पाहिलं असतं तर थांबली असती.

अर्सुला

बुधवार, २९ सप्टेंबर

सेसी,

पाकीट परत आलं नाही. आज नववा दिवस. या वेळी केटलीचा वेळ लागणार नव्हता, परत यायचं असतं तर एव्हाना आलं असतं. याचा अर्थ कागद तुझ्या टेबलावर आहे. सही झालेली नाही, पण आहे.

इथे भोपळ्यांची जत्रा सुरू झाली. तंबाखू सोडलेल्या शेतकऱ्यांनी दुसरं काही लावावं म्हणून राज्य सरकारने मार्गदर्शन केलं, आणि त्या मार्गदर्शनाचं फळ म्हणजे शहरातली कुटुंबं आपल्या वरच्या शेतात येऊन मुलांना भोपळ्यावर बसवतात आणि फोटो काढतात. मी फाटकात खुर्ची टाकून तिकिटं देते. काल वसाहतीतली एक बाई विचारत होती, “आजी, हे शेत खरं आहे ना?” मी म्हटलं, “बाई, मी खोटी आहे, शेत खरं आहे.” ती हसली. मी विनोद केला नव्हता.

बिल्डरचा माणूसही आला होता. छान बोलतो. टेकडीकडे बोट करून म्हणाला, दफनभूमी आम्ही अगदी आदराने राखू, भोवती बाकं ठेवू. इग्नेशियसने त्याला एक भोपळा भेट दिला आणि फाटकापर्यंत सोडलं. परत येऊन म्हणाला, “बाकं.”

आता मी ते लिहिते जे तिकिटं फाडताना रोज डोक्यात चालू असतं.

त्या वर्षी जानेवारीत इग्नेशियसने राज्याच्या योजनेवर सही केली. तंबाखू पुन्हा कधी लावणार नाही, या शेतात एक रोपही उगवणार नाही, त्याबद्दल दहा वर्षं मदत. आपल्या घरात तीनशे वर्षं जे पीक होतं ते एका दुपारी बंद झालं. फेब्रुवारीत आई गेली. तू आलीस आणि राहिलीस. नवरा सुटला होता तुझा, तू कुणाला सांगितलं नव्हतंस, पण तुझ्या तीन पेट्या पाहून मला कळलं होतं की तू परत जायला आलेली नाहीस. वरच्या खोलीला तू पिवळा रंग दिलास. तो अजून आहे.

मार्चमध्ये, सेंट जोसेफच्या सणाला, आपण दोघी टेकडीवर गेलो. आईच्या थडग्यावरची माती उघडी होती, लाल, आंबट. त्यावर क्लोव्हरचं गवत पेरायचं होतं आणि माती गोड व्हावी म्हणून आधी राख टाकायची होती. तू म्हणालीस, चुलीतली राख ओली आहे. मी कोठारात गेले आणि वरच्या फळीवरचा कॉफीचा निळा डबा काढून तुझ्या हातात दिला. तू मुठीमुठीने राख उधळलीस, लहानपणी वाफ्यावर उधळायचीस तशीच, मनगटातून. वारा नव्हता. राख बराच वेळ हवेत राहिली.

पुढचं तुला माहीत आहे. जूनमध्ये क्लोव्हर दिसेनासं झालं. ऑगस्टमध्ये आईच्या छातीवर कंबरेएवढी तंबाखू उभी होती आणि तिला गुलाबी फुलं आली होती. आपल्याकडे फुलं कधी कुणी पाहायचं नाही, येण्याआधीच शेंडे खुडायचो. त्या वर्षी ती वाऱ्यात डोलत होती. मी रोज संध्याकाळी खिडकीतून पाहायचे. तूही पाहत होतीस. इग्नेशियस टेकडीवर जात नव्हता, त्याला रडायला आवडत नाही.

मग योजनेचा तपासनीस आला.

आज इतकंच. फाटकात कुणी हॉर्न वाजवतंय.

अर्सुला

सोमवार, ११ ऑक्टोबर

सेसी,

आज टपालाला सुट्टी आहे, पत्र उद्या निघेल. म्हणजे मला फाडायला एक रात्र आहे. फाडणार नाही.

तपासनीस सभ्य माणूस होता. त्याने थडगं पाहिलं तशी टोपी काढली. म्हणाला, “मिस्टर हेडन, ही शोभेची फुलझाडं आहेत ना? मी तसं लिहितो.” त्याने सुटकेचं दार उघडून धरलं होतं. आपल्या भावाला त्यातून जाता येत नाही.

“नाही साहेब,” तो म्हणाला. “ही तंबाखू आहे.”

आणि गुडघ्यावर बसून त्याने एकेक रोप आईच्या अंगावरून उपटलं. मुळांबरोबर माती येत होती. मग तुझ्याकडे वळून म्हणाला, “मी दिलेला शब्द तू आईच्या छातीवर उभं राहून मोडलास. सुरुवातीपासून तुला ती सही खुपत होती.” तू माझ्याकडे पाहिलंस. किती वेळ पाहिलंस ते मला आजही सांगता येईल. मी माझ्या बुटांकडे पाहत होते. तपकिरी होते, डाव्याची नाडी नवी होती.

तिसऱ्या दिवशी तुझ्या पेट्या खाली आल्या. एका वर्षाची मदत कापली गेली आणि प्रकरण मिटलं. सरकारकडून मिटलं.

गेल्या पत्रात मी लिहिलं की डबा मी दिला. ते तुला माहीतच होतं. तू आठ वर्षं तेवढ्याच वाक्याची वाट पाहिलीस असं मी समजत आले, आणि तेवढंच वाक्य दिलं की माझं काम झालं असं मला वाटलं होतं. सिस्टर पर्पेचुआ पापांची यादी पाटीवर लिहायला लावायची. मी नेहमी छोटी पापं वर लिहायचे, सुंदर अक्षरात, म्हणजे पाटी भरायची आणि मोठ्याला जागा उरायची नाही. ती एकदा माझ्या पाटीवर ओला फडका फिरवून म्हणाली, “अर्सुला हेडन, आता खालून सुरुवात कर.”

तर खालून.

दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, मी कोठारात गेले होते. आई तिथे होती. त्या दिवशी ती दरवर्षी जे करायची तेच करत होती. चुलीची चाळलेली राख, आणि तिच्यात चमचाभर बी. तंबाखूचं बी धुळीसारखं असतं, तसंच पेरलं तर सगळं एका जागी पडतं, म्हणून राखेत मिसळून उधळायचं. हे तिच्या आईने केलं, तिच्या आजीने केलं. ती डब्यात बोटं फिरवत होती, हळूहळू, कणीक भिजवावी तशी. सही होऊन तीन आठवडे झाले होते. तिला माहीत होतं. इग्नेशियसने तिला समजावून सांगितलं होतं, दोनदा.

मी म्हटलं, “आई, या वर्षी वाफा नाही गं.”

ती म्हणाली, “माहीत आहे मला. मी अजून वेडी झालेली नाही.”

“मग?”

“मग काय. सण आहे आज.”

तिने झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे दिला, कारण तिचा हात वरच्या फळीला पुरत नव्हता. मी तो वर ठेवला. अठरा दिवसांनी ती गेली.

त्यामुळे सेंट जोसेफच्या दिवशी मी जेव्हा तो काढला, तेव्हा त्यात काय आहे हे मला ठाऊक होतं, सेसी. आठ वर्षं मी स्वतःला सांगत आले की विसरले होते. दुःखात माणूस विसरतो, सगळे म्हणतात. मी विसरले नव्हते. हात वर केला तेव्हा मला ठाऊक होतं, डबा खाली आला तेव्हा ठाऊक होतं, आणि कोठारापासून टेकडीपर्यंतची पावलं मी ठाऊक असतानाच चालले. मला वाटलं, तिने मिसळलंय, तर तिच्यावरच पडू दे. एवढंच वाटलं. पुढे काय उगवेल, कोण पाहील, असा विचार नव्हता. त्या दिवशी सगळं स्वप्नातल्यासारखं होतं आणि स्वप्नात कुणी तपासनीस येत नाही.

पण मी स्वतः उधळली नाही. तुझ्या हातात दिली. कदाचित तुझं मनगट चांगलं होतं म्हणून. कदाचित काही झालंच तर हात तुझा असावा म्हणून. दुसरं खरं असण्याची शक्यता जास्त आहे, मी स्वतःला ओळखते.

हे वाचून कागद फाडलास तरी तो तुझा हक्क आहे. मात्र फाडलास तर कळव. इग्नेशियस रोज दुपारी टपालपेटीपर्यंत चालत जातो आणि म्हणतो, जरा पाय मोकळे करून येतो.

अर्सुला

शनिवार, २३ ऑक्टोबर

सेसी,

सहा दिवस उरले आहेत. मी त्यासाठी लिहीत नाही.

काल मी इग्नेशियसला सांगितलं. त्याला सूप वाढलं आणि उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं, सण, आई, डबा, फळी, तू, मी. बसले असते तर अर्धंच सांगितलं असतं. तो खात राहिला. वाडगा संपल्यावर म्हणाला, “सुपात मीठ नाही.”

“इग्नेशियस, मी काय सांगितलं ते ऐकलंस का?”

“ऐकलं. मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“ती फळी साडेसहा फुटांवर आहे. बाबांनी घातली. सेसी पाच फूट. तिथे हात पुरतो तो तुझा आणि माझा. मी दिला नव्हता.”

मी खुर्ची ओढून बसले. “केव्हा कळलं तुला?”

“तीन-चार दिवसांनी. ती गेल्यावर. कोठारात गेलो होतो, वर पाहिलं, डबा नव्हता.”

“आणि आठ वर्षं गप्प बसलास?”

त्याने पाव मोडून वाडगा पुसून घेतला. “तुझ्याशी भांडलो असतो तर घरात कोण उरलं असतं? ती गेलेलीच होती. तू रोज समोर बसतेस. मी म्हटलं, एकच हरवलेली बरी.”

मी त्याच्या हातातला वाडगा घेतला आणि म्हटलं, “म्हणजे आपण दोघांनी मिळून तिला घालवली.”

“हो,” तो म्हणाला. “मी तर तोंडाने.”

मग तो उठला आणि टेबलाच्या खणातून काउंटीच्या कागदाची आपली प्रत काढून घेऊन आला. पाचव्या पानावर एक कलम आहे, मी वाचलं होतं आणि दुर्लक्ष केलं होतं. हक्क विकले तरी मालकांपैकी एकाला स्वतः राहण्यापुरतं एक घर बांधायची जागा राखून ठेवता येते, एकच, आणि ती कुठली हे सही करण्यापूर्वी नकाशावर दाखवावं लागतं. मला वाटलं होतं त्याने ती चौकट रिकामी सोडली आहे, नवशिक्या शेतकऱ्यासारखी. त्याने जूनमध्येच भरली होती. टेकडीच्या उतारावर, ओकच्या खाली, जिथून आई दिसते आणि वसाहत दिसत नाही. पुढे नाव होतं सेसीलिया हेडन. लग्नाचं नाव नाही.

“तिला लिहिलं का नाहीस हे?” मी विचारलं.

“लिहिलं की. पाचव्या पानावर आहे. तिला वाटेल तेव्हा वाचेल.”

हा आपला भाऊ. आठ पानी कागदाच्या पाचव्या पानावर, अकराव्या कलमात माफी मागतो.

तर आता तुला सगळं माहीत आहे. सही केलीस तर ती जागा तुझी. नाही केलीस तर आज ना उद्या शेत विकलं जाईल आणि आईभोवती बाकं येतील, आणि मी तुला एका शब्दाने दोष देणार नाही. निदान प्रयत्न करीन.

काल रात्री मला स्वप्न पडलं. कोठार भरलेलं होतं, खालपासून वरच्या वाशापर्यंत. तू शिडीवर होतीस, मी खाली, आणि मी काठीला लावलेली रोपं एकेक तुझ्या हातात देत होते. तू घेत होतीस. वर बघून मी विचारलं, पुरे का? तू म्हणालीस, अजून दे.

अर्सुला

मंगळवार, २ नोव्हेंबर

सेसी,

सकाळी मत देऊन आले आणि मग टेकडीवर गेले. आज मृतांचा दिवस. इग्नेशियस माझ्या आधी तिथे होता, टोपी हातात. तो त्या ऑगस्टनंतर प्रथमच चढला. त्याने आईच्या उशाशी मेणबत्ती लावली आणि मला म्हणाला, “क्लोव्हर चांगलं आलंय.” मी म्हटलं, “आठ वर्षांत आलं रे, तू आज बघतोयस.”

तुझा कागद अठ्ठावीस तारखेला पोहोचला. पत्र नाही. तिसऱ्या रेघेवर सही, काळी शाई, शेजारी तुझ्या नोटरीचा शिक्का. मिस व्हिटलॉक तो स्वतः घेऊन गेली. गाडीत बसताना तिने खिडकीची काच खाली केली आणि म्हणाली, “मिस हेडन, नाराजी गेली का?” मी म्हटलं, “सही आली आहे. बाकी चौकशी चालू आहे.”

इग्नेशियसने तुझी सही उन्हात धरून पाहिली. मग म्हणाला, “अक्षर तेच आहे.” मग भोपळ्याच्या शेतात गेला आणि संध्याकाळपर्यंत आला नाही. एक सांगते, आता त्याला भोपळा कधी काढायचा ते कळलेलं आहे. देठ नखाने दाबून पाहतो.

तू कागदाला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी मिस व्हिटलॉकने काढून मला दिली. सरकारी कागदावर ती चालत नाही. त्यावर तू एकच ओळ लिहिली आहेस: ‘डबा अजून आहे का?’

आहे. तू थडग्यापाशी टाकून आलेला डबा मी तुझ्या जाण्यानंतर आठवड्याने उचलून आणला आणि होता तिथेच ठेवला. त्यानंतर त्याला हात लावलेला नाही. आणताना हलवून पाहिला तेव्हा तळाशी काहीतरी सरकलं, राख असेल, मूठभर. त्या मुठीत बी जिवंत आहे की नाही हे मला माहीत नाही, आणि जिवंत असलं तरी या शेतात पडता कामा नये, आपण शब्द दिलेला आहे. तू आलीस की तू ठरव त्याचं काय करायचं. वाळवंटात ने, नदीत सोड, चुलीत टाक.

पण मी तो काढून तुझ्या हातात देणार नाही. या वेळी तुझा तू घे. फळी उंच आहे आणि तू बुटकी, म्हणून मी खाली स्टूल ठेवलं आहे.

अर्सुला